फुर्दिनिएंचं आठ दिवसांचं शेत

एप्रिलचा तिसरा शनिवार जवळ आला की ऑमेर फुर्दिनिए चादरी धुवायला काढत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं परसदार सरळ दिसतं. वर्षभर त्या दोरीवर एक सदरा, एक विजार आणि एक टॉवेल एवढंच वाळत असायचं. तिथे एके दिवशी चार चादरी आणि ओदिलच्या हातचे भरतकामाचे अभ्रे फडफडायला लागले की मी नवऱ्याला सांगायची, "एर्वे, विमानवाले यायचे झाले बरं का."

ओदिल ही ऑमेर यांची बायको. ती गेली एकोणऐंशी साली. मुलगी मार्तीन तिकडे तुलूझला, दर रविवारी फोन करते, दहा मिनिटं. ऑमेर यांच्या घड्याळात मी ती दहा मिनिटं कधी अकरा झालेली पाहिली नाहीत. घरात सहा ससे, एक रेडिओ आणि ते.

विमानवाल्यांचं सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. पहिल्या महायुद्धात, अठरा सालच्या वसंतात, आमच्या आमिकूर गावाच्या वरच्या अंगाला, सोम नदीच्या चढावर, एक जर्मन विमान पडलं. विमान पांढरं शुभ्र. चालवणारा फॉन आर्नेक. सत्तर विमानं पाडलेला माणूस. त्याचं नाव तेव्हा दोन्हीकडच्या शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ होतं. विमान मोडकंतोडकं का होईना पण जमिनीवर नीट टेकलं होतं, आणि आत हा बसलेला, मेलेला. उजव्या काखेखालून शिरलेली एकच गोळी. ती कुणाची, यावर जग तेव्हापासून भांडतं आहे. एक इंग्रज वैमानिक त्याच्या पाठीवर होता, त्याने आधी गोळ्या झाडल्या होत्या. आणि खाली टेकडीवर एक ऑस्ट्रेलियन मशीनगनवाला होता, तो म्हणाला, मी पाडला. लष्कराने श्रेय दिलं इंग्रजाला. मशीनगनवाला आपल्या गावी परतला आणि जन्मभर तेच सांगत राहिला.

त्या मशीनगनवाल्याचा मुलगा म्हणजे रॉस हॅलोरन. त्या इंग्रज वैमानिकाचा पुतण्या म्हणजे डेस्मंड प्राइक. दोघं पहिल्यांदा आमच्या गावात आले चौऱ्याहत्तर साली, योगायोगाने एकाच दिवशी, आणि फुर्दिनिएंच्या शेताच्या कडेला जो माहितीचा फलक उभा आहे, त्याच्यासमोर उभे राहून भांडायला लागले. पाऊस आला. ओदिल त्यांना घरात घेऊन आली. मी अमिआँच्या कॉलेजात इंग्रजी शिकलेली, लग्न होऊन गावात येऊन तीन वर्षं झालेली, म्हणून मला बोलावणं आलं. त्या दिवसापासून वीस वर्षं त्या स्वयंपाकघरातली दुभाषी मीच.

काय भांडायचे ते! प्राइक उंच, वाळका, कोटाच्या खिशात सदैव पट्टी आणि कोनमापक. हॅलोरन रुंद, लाल चेहऱ्याचा, निवृत्त शाळामास्तर, आवाज असा की ससे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जायचे. एकदा गोळी कुठल्या कोनातून शिरली हे दाखवायला त्यांनी उकडलेल्या बटाट्यात ओदिलची विणायची सुई खुपसली. मग दुसऱ्याने सुई काढून दुसऱ्या कोनातून खुपसली. असं करता करता जेवणासाठी उकडलेले सगळे बटाटे कामी आले आणि ओदिलने ते तसेच, भोकांसकट, लोण्यात परतून वाढले. ऑमेर यांना इंग्रजीचं अक्षर कळत नसे. टेबलाच्या डोक्याशी बसून ते एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत, आणि कुणाची कॉफी संपली हे त्यांच्याआधी कुणालाच कळत नसे. मी काही भाषांतर करायला गेले तर हाताने थांबवत. "राहू दे मुली. बोलू दे त्यांना."

ओदिल गेल्यावर मला वाटलं होतं हे बंद पडेल. पण पुढच्या एप्रिलला दोरीवर चादरी दिसल्या. ऑमेर माझ्याकडे येऊन फ्लामिश, म्हणजे आमच्याकडचा लीकच्या कांदापातीचा खारा पाय, कसा करतात ते लिहून घेऊन गेले. लीक किती, साय किती, भट्टीत किती वेळ. पहिला करपला. दुसरा जमला. मग दर वर्षी जमत गेला.

आणि ते दोघं शनिवार-रविवार राहून गेले की पुढचे तीनशे त्रेसष्ट दिवस. सांगण्यासारखं काही नसतं हो अशा दिवसांत. सकाळी ते मीठ मागायला येत. मीठ त्यांच्याकडे असायचं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी वाटीभर देई, ते पाच मिनिटं उभे राहत. संध्याकाळी रेडिओ लागे आणि बातम्या सांगणाऱ्याला ते उत्तरं देत. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की आम्हाला ऐकू यायचं.

तोफगोळ्यांचा प्रकार तर सगळ्या गावाला ठाऊक होता. आमच्याकडे नांगराला जुन्या लढाईचे गोळे लागतातच. काढायचे, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाशी ठेवायचे, आणि निकामी करणाऱ्या पथकाला कळवायचं, ही रीत. ऑमेर यांनी शेती सोडल्यावरही बांधाबांधाने फिरून गोळे शोधायचं सोडलं नव्हतं. पण सापडलेले सगळे एकदम कळवत नसत. एक कळवायचे. पथकाची ती दोन पोरं गाडी घेऊन यायची, ऑमेर त्यांना चिकोरीची कॉफी पाजायचे, आई कशी आहे, लग्नाचं काय, सगळं विचारायचे. आठवडा गेला की दुसरा कळवायचे. शेवटी त्यातला एक म्हणाला, "ऑमेरबाबा, कॉफी चांगली असते तुमची, नाही म्हणत नाही. पण पुढच्या वेळी सगळे एकदम सांगा. कधीतरी उडायचो आपण तुमच्या पाहुणचारापायी." गाव हसलं. मीही हसले.

आता जे सांगणार आहे ते मला खूप उशिरा कळलं. पण गोष्टीत ते मला कळलं तिथे येईपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विमान फलकाच्या जागी पडलंच नव्हतं.

आमच्याकडे जुनी शेतं दिवसांत मोजत. एका नांगराने एका दिवसात होईल तेवढी जमीन म्हणजे एक दिवस. फुर्दिनिएंचं मोठं शेत होतं आठ दिवसांचं, नदीच्या अंगाला, जुन्या वीटभट्टीपाशी, टेकडीच्या तोंडासमोर, अगदी उघड्यावर. त्याचं नावच पडलं होतं, फुर्दिनिएंचं आठ दिवसांचं शेत. सत्तावन्न साली सरकारने जमिनींचं एकत्रीकरण केलं. कुणाचे तुकडे कुणाला, कुणाच्या बांधावर कुणाचा गट, भावाभावांत बोलणं बंद झालेलं. फुर्दिनिएंचं भट्टीजवळचं शेत गेलं आणि त्याच्या बदल्यात टेकडीच्या मागच्या अंगाला, खोल रस्त्याच्या कडेला, तेवढ्याच मापाचा गट मिळाला. ऑमेर यांचे वडील नव्या जमिनीलाही आठ दिवसांचं शेत म्हणत राहिले. माणूस घर बदललं म्हणून आपलं आडनाव टाकत नाही, तसं. गावानेही तेच म्हटलं.

अडुसष्ट साली लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा जिल्ह्याहून समिती आली. लष्कराच्या जुन्या कागदात जागेचं वर्णन होतं एवढंच: आमिकूरच्या वर, शेतकरी फुर्दिनिए यांच्या आठ दिवसांच्या शेतात. समितीने गावात विचारलं, हे शेत कुठलं? गावाने बोट दाखवलं. कुणी खोटं बोललं नाही. विचारणाऱ्याने जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं. टेकडीच्या मागे फलक उभा राहिला, तिरंगी फीत कापली गेली, मुलांनी गाणं म्हटलं.

ऑमेर तेव्हा गावात नव्हते. ट्रॅक्टर उलटून पाय मोडला होता, अमिआँच्या इस्पितळात सहा आठवडे होते. परत आले तेव्हा फलकाचा रंगसुद्धा वाळला होता. त्यांना खरी जागा माहीत होती. अठरा साली गाव खाली करायचा हुकूम निघाला होता, पण त्यांची आजी गायीसाठी चोरून परत आली होती, आणि भट्टीच्या धुराड्याआड उभी राहून तिने ते पांढरं विमान उतरताना पाहिलं होतं. नातू आठ वर्षांचा झाल्यावर तिने त्याला हाताला धरून नेऊन ती जागा दाखवली. ऑमेर यांनी वडिलांना म्हटलं, फलक चुकला आहे. वडील म्हणाले, तुला कुणी विचारलं का? मग गप्प बस. ते गप्प बसले.

तोवर त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं चौऱ्याहत्तर साली. पहिल्याच भेटीत हॅलोरनने बापाचं एक पत्र काढलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं, विमान माझ्या अगदी समोर, भट्टीपाशी पडलं, त्याच्या गळ्यातल्या रुमालाचा रंग मला दिसला. मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. प्राइक हसला. म्हणाला, लष्कराच्या कागदात भट्टी नाही, फुर्दिनिएंचं शेत आहे, आणि ते फलकापाशी; फलकापासून तर टेकडीपलीकडचं काहीच दिसत नाही, रुमाल कसला दिसतोय. ऑमेर कॉफी ओतत होते. ती त्यांनी सांडली नाही की काही नाही.

वीस वर्षं हॅलोरन हरला. दर वर्षी नवा मुद्दा आणायचा, वारा कुठून होता, विमान उताराने किती घसरलं असेल, आणि दर वर्षी प्राइक त्याला फलकापाशी नेऊन उभा करायचा. ऑमेर यांना शेवटी शेवटी बरंच कळत असावं. माणसाच्या हरण्याला भाषा लागत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलात हॅलोरन आला तो काठी टेकत. डॉक्टरने सांगितलं होतं, एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नको. प्राइकने या वेळी भाड्याने मोजणीचं यंत्र आणलं होतं, दुर्बिणीचं, तीन पायांचं. शनिवारचा अख्खा दिवस दोघं शेतात. मी लांबून पाहत होते. एक जण वाकून बघायचा, दुसरा काठी धरून उभा राहायचा, मग जागा बदलायचे. भांडण ऐकू येत नव्हतं, हे मला खटकलं.

संध्याकाळी टेबलावर फ्लामिश होता आणि त्याच्या शेजारी एक कागद. हॅलोरनने सगळं सांगितलं आणि मी ऑमेर यांना सांगत गेले. त्याच्या गावात जुन्या सैनिकांचं एक सभागृह आहे. तिथे भिंतीवर त्याच्या बापाचा फोटो आहे आणि खाली ओळ आहे, फॉन आर्नेकला पाडणारा. नव्या लोकांनी आता हरकत घेतली होती: पुरावा द्या, नाही तर ओळ पुसतो. दोघांचं ठरलं होतं, एकदाच नीट मोजायचं आणि जे निघेल ते लिहून द्यायचं. मोजलं. टेकडीवरच्या मशीनगनला फलकाची जागा दिसणं शक्यच नव्हतं. हॅलोरनने कागदावर तसं लिहिलं होतं आणि खाली सही करून ठेवली होती. स्वतःच्या बापाच्या विरुद्ध.

प्राइकला जिंकल्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. तो म्हणाला, "रॉस, फाडून टाक तो. कुणाला काय फरक पडतो? पुढच्या वर्षी मी येतो तुझ्याकडे. तिथे भांडू."

"फरक पडतो. बापाच्या फोटोखाली खोटं लिहिलेलं बघत बसण्यात काय अर्थ आहे?" हॅलोरन म्हणाला. मग त्याने कागद ऑमेर यांच्यापुढे सरकवला. जागेचा मालक म्हणून त्यांची सही हवी होती, की विमान याच जागी पडलं. मी सगळं तिथेच फ्रेंचमध्ये उतरवून दिलं. आमच्याकडे नुसती सही चालत नाही, सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, वाचलं आणि मान्य केलं.

ऑमेर यांनी चष्मा लावला. कागद वाचला, सावकाश, ओठ हलवत. पेन घेतलं. वाचलं, एवढं लिहिलं. आणि थांबले.

आम्हाला वाटलं पेनातली शाई संपली. प्राइकने आपलं पेन पुढे केलं. ऑमेर यांनी ते घेतलं नाही.

"मुली, यांना सांग, ही ती जागा नाही," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं नाही. मी विचारलं, "कुठली जागा नाही?"

"विमान पडलं ती. ते पडलं भट्टीपाशी. याच्या बापाने लिहिलंय तिथेच."

मी दुभाषी, ऐकलं की सांगायचं, एवढंच माझं काम. पण ते वाक्य इंग्रजीत करायला मला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. प्राइक दोनदा म्हणाला, "मादाम, काय म्हणतोय तो?"

आम्ही गाडीने भट्टीपाशी गेलो. उजेड होता अजून. नुकतं बीट पेरलेलं होतं, ओळी जेमतेम दिसत होत्या. आता ती जमीन कुठल्याशा तरुण शेतकऱ्याची. ऑमेर बांधावरून चालत एका ठिकाणी थांबले आणि टाचेने मातीत खूण केली. हॅलोरन तिथे उभा राहिला आणि टेकडीकडे तोंड केलं. समोर टेकडी, मध्ये काहीच नाही. बापाची मशीनगन जिथे होती तो उंचवटा सरळ दिसत होता, त्यावरची कुंपणाची तारसुद्धा.

काठी मातीत रोवून त्याने दोन्ही हात तिच्यावर ठेवले. मग म्हणाला, "रुमालाचा रंग दिसला म्हणायचे बाबा. आम्ही पोरं हसायचो." आणि मागे न वळता मला म्हणाला, "त्याला विचारा, त्याला कधीपासून माहीत आहे."

"आठ वर्षांचा होतो तेव्हापासून," ऑमेर म्हणाले.

"मी पहिल्यांदा आलो, ते पत्र वाचून दाखवलं, तेव्हा?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाही?"

ऑमेर माझ्याकडे बघत होते. हॅलोरनकडे बघणं त्यांना जमत नव्हतं. म्हणाले, "सांगितलं असतं तर मिटलं असतं. मिटलं असतं तर तुम्ही आला नसता."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. आपण मधले, आपल्याला बदलायचा अधिकार नाही, असं मनाशी म्हणत.

हॅलोरन ओरडेल असं मला वाटलं होतं. वीस वर्षं तो याहून किती क्षुल्लक गोष्टींवर ओरडला होता. तो हळूच म्हणाला, "माझी आई सत्त्याऐंशीत गेली. गावात लोक तिला म्हणायचे, बढाईखोराची बायको. तिला सांगता आलं असतं."

हेही मी सांगितलं. ऑमेर यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

रात्री ते तिघं जेवले. मी वाढायला होते, वाढून झाल्यावरही थांबले, पण दुभाषीला काही कामच नव्हतं. प्राइकने फ्लामिश चांगला झाला आहे असं म्हटलं. मी सांगितलं. ऑमेर म्हणाले, साय थोडी जास्त झाली. मी सांगितलं. त्या टेबलाशी मी काट्या-चमच्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. हॅलोरन रागात होता असंही म्हणता येत नव्हतं. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते घेऊन कुठे जायचं हे त्याला सुचत नव्हतं. प्राइकचं तर वीस वर्षांचं शस्त्रच गेलं होतं. त्याने खिशातली पट्टी एकदा बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली.

रविवारी सकाळी ते लवकर निघाले. प्राइकने ऑमेर यांच्याशी हात मिळवला. हॅलोरन गाडीत जाऊन बसला होता. मग त्याने काच खाली केली, काहीतरी बोलणार असं वाटलं, ऑमेर दोन पावलं पुढे गेले. पण त्याने मला उद्देशून एवढंच म्हटलं, जुना नकाशा मिळाला तर पाठवा.

नकाशा मिळाला. एर्वे शाळेचा मास्तर आणि आमच्याकडच्या रीतीने मास्तरच ग्रामपंचायतीचा चिटणीस, त्यामुळे माळ्यावरचे जुने दस्त त्याच्याच ताब्यात. एकत्रीकरणाआधीच्या नकाशावर भट्टीशेजारी स्पष्ट लिहिलेलं होतं, आठ दिवस, मालक फुर्दिनिए. एर्वेने तो बैठकीत दाखवला तर म्हातारी मंडळी त्याच्याकडे अशी बघायला लागली की हा शहाणा आज जागा झाला. जुनं शेत भट्टीपाशी होतं हे कुणाला माहीत नाही? मग फलकाच्या वेळी बोलला का नाहीत? तर म्हणाले, त्यांनी शेत कुठे आहे असं विचारलं होतं, कुठे होतं असं विचारलंच नाही. शहरातले लोक. आम्हाला वाटलं, त्यांना गाडी लावायला जागा बरी पडते म्हणून इथे लावतायत.

पंचाण्णव साली फलक हलला. सैनिकांच्या सभागृहातली ओळ राहिली. तसं पत्र आलं, ग्रामपंचायतीच्या नावे, आभाराचं, टंकलेखन केलेलं. खाली हॅलोरनची सही. ऑमेर यांचं नाव त्यात कुठे नव्हतं. एर्वेने ते त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग विचारलं, संपलं का? प्राइकचं नाताळला एक कार्ड आलं. पुढच्या नाताळला आलं नाही.

पंचाण्णवच्या एप्रिलात दोरीवर चादरी नव्हत्या. मी आपणहून फ्लामिश करून नेला. त्यांनी तो घेतला, थाळी दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणली. मीठ मागायला येणं त्यांनी बंद केलं होतं. तोफगोळे सापडले की सगळे एकदम कळवायला लागले होते, आणि ते पथकातलं पोरगं एकदा माझ्या दारात येऊन विचारून गेलं, ऑमेरबाबांची तब्येत बरी आहे ना?

मी एकदा विचारलं त्यांना. असं विचारू नये, पण विचारलं, की सांगितल्याचा पस्तावा होतो का. ससा मांडीवर घेऊन ते त्याची नखं कापत होते. म्हणाले, "सही करायची होती ना मुली. हाताने लिहायचं होतं, मान्य केलं म्हणून." थोड्या वेळाने म्हणाले, "तो रागावला ते बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर रात्रीच निघून गेलो असतो. तो जेवला तरी."

शहाण्णव सालचा एप्रिलचा तिसरा शनिवार. मी बाजार करून परत येत होते. भट्टीपाशी एक बस उभी होती, म्हणून मी जरा अलीकडे गाडी थांबवली. हल्ली बसगाड्या थांबतात, त्या तरुण शेतकऱ्याने कडेला खडी टाकून जागा करून दिली आहे. नव्या फलकाभोवती वीस-पंचवीस माणसं, आणि त्यांच्या मागे, एका बाजूला, रविवारचा कोट घालून ऑमेर उभे. वाटाडी मुलगी इंग्रजीत सांगत होती. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते, मान थोडी तिरकी करून, अगदी जसे टेबलाच्या डोक्याशी बसायचे तसे. एकदा तिने टेकडीकडे हात केला तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ऑमेर मात्र माणसांकडेच बघत राहिले, यातलं कुणी वाद घालतंय का ते. कुणी घातला नाही. एका बाईने फोटो काढला. मुलीने त्यांच्याजवळ येऊन नम्रपणे काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, आजोबा, पेरलेल्यावर पाय देऊ नका, मालक रागावतो, असं. ते एक पाऊल मागे सरले. मग बस गेली.

मी गाडी त्यांच्यापाशी आणली आणि काच खाली केली.

"काय सांगत होती ग ती?" त्यांनी विचारलं.

"मला तिथून नीट ऐकू आलं नाही. तेच असणार. टेकडीवरून मशीनगन, गोळी, सगळं."

"आणि इंग्रजाचं?"

"इंग्रजाचं आता कुणी म्हणत नाही, ऑमेर."

त्यांनी मान हलवली. फलकाकडे बघितलं. "पाच मिनिटांत झालं सगळं," ते म्हणाले. "त्या दोघांना दोन दिवस पुरायचे नाहीत."

मी गाडीचं दार उघडलं. चला म्हटलं, घरी सोडते. ते नको म्हणाले, दुपारी आणखी एक बस येते असं त्या मुलीने बोटांनी खूण करून सांगितलं होतं. तीन वाजता. तेव्हा अकरा वाजले होते.